शेऱ्याचा रकाना : जेमिमाचे तीन सामने, आमच्या गटाच्या नजरेतून



दर पंधरवड्याला या वेळेला आम्ही तुमच्याशी हप्ता, व्याज, पापडाचं पॅकिंग आणि बँकेतले कागद यांबद्दल बोलतो. आज क्रिकेटबद्दल बोलणार आहोत. लगेच रेडिओ बंद करू नका. हप्त्याचा विषय शेवटी येणारच आहे, पण आधी एका मुलीची गोष्ट. तिचा खेळ आम्ही मैदानावर जाऊन बघितला, तीन वेळा. तिचं नाव जेमिमा रॉड्रिग्ज.

२०२५च्या ऑक्टोबरमध्ये महिलांच्या विश्वचषकाचे काही सामने नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाले. आम्ही पनवेल तालुक्यातल्या. पनवेलहून हार्बरची लोकल धरली की नेरूळ अर्ध्या तासाच्या आत येतं. साखळी सामन्यांची तिकिटं शंभर रुपयांपासून होती. गटातल्या एका ताईंच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीनं मोबाइलवर काढून दिली. घरी सांगणं हेच मोठं काम होतं. 'सामना बघायला जातेय' असं आमच्यापैकी कुणीच आजवर घरात म्हटलं नव्हतं. एकीच्या सासूबाईंनी विचारलं, "कोण खेळतंय?" "मुली खेळतायत," असं सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "मग मीही येते." आणि आल्यासुद्धा.

आमच्या गटात अकरा जणी. पहिल्या सामन्याला आठ गेलो, दुसऱ्याला सहा, तिसऱ्याला पाच. क्रिकेट सगळ्यांना कळतं असं नाही. दोघींना चांगलं कळतं, लहानपणी भावांबरोबर खेळलेल्या. बाकीच्यांना चौकार, षटकार आणि 'आउट' एवढंच. पण गटाच्या सचिवताईंना नोंद ठेवल्याशिवाय चैन पडत नाही. त्यांनी गटाच्या बैठकीची अर्धी उरलेली वही बरोबर घेतली आणि पानावर रकाने आखले : केव्हा खेळायला आली, किती चेंडू, किती धावा, चौकार किती, पळून किती. शेवटचा रकाना आपल्या नेहमीच्या वहीत असतो तोच, 'शेरा'. अमेरिकेत बेसबॉल बघायला जाणारे काही प्रेक्षक असाच नोंदीचा कागद आणि पेन्सिल घेऊन बसतात आणि खेळाडूची प्रत्येक पाळी चौकटीत स्वतः टिपतात. आम्हाला हे नंतर कळलं. तेव्हा तर आसपासची पोरं आमच्या वहीकडे बघून हसत होती. दुसऱ्या तासाला तीच पोरं विचारायला लागली, "ताई, किती चेंडू झाले हो तिचे?"

सगळ्या अकरा खेळाडूंची नोंद ठेवणं जमणारं नव्हतं. एकच निवडायची ठरली. सांगलीची म्हणून काही जणींचा कौल स्मृती मानधनाला होता. पण क्रिकेट कळणाऱ्या दोघी म्हणाल्या, जेमिमाला घेऊ, कारण तिला नुकतंच संघाबाहेर बसवलं होतं. परत आलेली मुलगी कशी खेळते ते बघायचं होतं.

तोवरचा तिचा हिशेब आधी सांगतो. या विश्वचषकात श्रीलंकेविरुद्ध शून्य, पाकिस्तानविरुद्ध ३२, दक्षिण आफ्रिकेविरुद्ध पुन्हा शून्य, ऑस्ट्रेलियाविरुद्ध ३३. चार डावांत ६५ धावा. मग १९ ऑक्टोबरला इंदूरला इंग्लंडविरुद्ध तिच्या जागी एक जादा गोलंदाज खेळवली. तो सामना आपण ४ धावांनी हरलो. लागोपाठ तिसरी हार. तिचं वगळलं जाणं नवीनही नव्हतं. २०२२च्या विश्वचषकाच्या संघात तिला घेतलंच नव्हतं. मुंबईची पोरगी, लहानपणी महाराष्ट्राकडून हॉकीसुद्धा खेळलेली, एकोणीस वर्षांखालच्या एकदिवसीय सामन्यात नाबाद २०२ करणारी. तरीही बाहेर बसावं लागलं होतं.

आता आमची वही.

पहिला सामना २३ ऑक्टोबर, न्यूझीलंडविरुद्ध. आपली पहिली फलंदाजी. स्मृती आणि प्रतीका रावल अशा खेळल्या की पहिली विकेट पडली तेव्हा फलकावर २१२ होत्या. स्मृतीच्या १०९, प्रतीकाच्या पुढे १२२ झाल्या. म्हणजे जेमिमा तिसऱ्या क्रमांकावर, पॅड बांधून, तीसहून जास्त षटकं नुसती बसून होती. तुम्ही कधी मुलाखतीला गेला असाल, तुमचं नाव शेवटी असेल, तर हे बसणं काय असतं ते कळेल. त्यातून ती चार दिवसांपूर्वी वगळलेली. ती आली आणि ५५ चेंडूंत नाबाद ७६ करून गेली. आपल्या ३ बाद ३४० झाल्या. पावसानं षटकं कमी झाली, हिशेब बदलला, पण सामना आपण ५३ धावांनी जिंकलो आणि उपांत्य फेरीत गेलो.

शेऱ्याच्या रकान्यात आम्ही काय लिहिलं? 'उभी राहत नाही. सतत पळते.' क्रिकेट कळणाऱ्या ताईंनी त्याचा अर्थ सांगितला. चेंडू जोरात मारण्यापेक्षा ती तो मोकळ्या जागेत ढकलते, आणि दुसरी पोचायच्या आत पळून धाव घेते. सासूबाई म्हणाल्या, "ही बाजारात गेली तर सुट्टे पैसे मोजून आणेल." सगळ्या हसलो, पण खेळाचं वर्णन बरोबर होतं. एक गोष्ट मात्र आम्ही त्याच पानावर लिहून ठेवली : त्या दिवशी पाया आधी दोघींनी घातला होता. भक्कम जोत्यावर भिंत उभी करणं सोपं असतं. एवढ्यावरून काही ठरवू नये.

दुसरा सामना २६ ऑक्टोबर, बांगलादेशविरुद्ध. पावसानं सामना २७ षटकांचा झाला. त्यांनी ९ बाद ११९ केल्या. आपल्या बिनबाद ५७ झाल्या आणि पुन्हा पाऊस आला. सामना रद्द. जेमिमाला बॅट हातात घ्यावीच लागली नाही. वहीत चेंडूंचा रकाना कोरा, धावांचा कोरा, चौकारांचा कोरा. गेलेल्यांपैकी दोघी म्हणाल्या, तिकीट वाया गेलं.

पण त्या दिवशी एक गोष्ट घडली, ती धावफलकावर दिसत नाही. ओल्या मैदानावर चेंडू अडवताना प्रतीका रावलचा पाय मुरगळला आणि तिचा विश्वचषकातला खेळ तिथंच संपला. आदल्याच सामन्यात १२२ करणारी मुलगी. आमच्या डोळ्यांसमोर तिला आधार देऊन बाहेर नेलं. त्याच ओल्या मैदानावर बाकीच्या दहा जणी पुढची षटकं पळत राहिल्या, जेमिमाही त्यांत होती. घरी टीव्हीवर बघितलं तर चेंडू जिथं जातो तेवढंच दिसतं. मैदानावर बसलं की चेंडू नसतो तिथं काय चाललंय तेही दिसतं. त्या दिवसाचा शेरा होता : 'खेळली नाही, पण दिवसभर कामावर होती.'

तिसरा सामना ३० ऑक्टोबर, उपांत्य सामना, समोर ऑस्ट्रेलिया. विश्वचषकात सलग पंधरा सामने जिंकून आलेला संघ. साखळीत आपल्याला हरवलेलाही. त्यांनी ३३८ केल्या. फीबी लिचफील्डच्या ११९, एलिस पेरीच्या ७७, अ‍ॅश गार्डनरच्या ६३. महिलांच्या एकदिवसीय सामन्यात एवढ्या धावांचा पाठलाग त्याआधी कुणीच केला नव्हता. आमच्या मागच्या रांगेतले एक काका म्हणाले, "चला, लवकर निघू, गाडीला गर्दी होईल." आम्ही पाच जणी बसून राहिलो. तिकिटाचे पैसे जाऊन-येऊन सारखेच लागणार होते, हेही एक कारण.

दुसऱ्याच षटकात शफाली वर्मा बाद झाली. आपल्या १३ धावा. जेमिमा आली. तिला तिसऱ्या क्रमांकावर जायचं आहे हे पाच मिनिटं आधी कळलं होतं, असं तिनं नंतर सांगितलं. थोड्या वेळानं स्मृतीही गेली. २ बाद ५९. आता जेमिमा आणि कर्णधार हरमनप्रीत कौर. या दोघींनी १६७ धावांची भागीदारी केली. हरमनप्रीतचे फटके मोठे, मैदान त्यांवर नाचत होतं. आमची वही मात्र जेमिमाच्या रकान्यात एक, एक, दोन, एक, चार, एक अशी भरत होती. हरमनप्रीत ८९ वर बाद झाली तेव्हा अजून ११३ धावा हव्या होत्या. मैदान एकदम गप्प झालं. शेजारची मुलगी नखं खात होती.

इथून पुढचा खेळ आम्ही आयुष्यात विसरणार नाही. दीप्ती शर्मानं १७ चेंडूंत २४ काढल्या आणि धावबाद झाली. रिचा घोषनं १६ चेंडूंत २६. शेवटी अमनजोत कौरनं विजयी चौकार मारला. नऊ चेंडू बाकी होते. जेमिमा दुसऱ्या टोकाला उभी होती, १३४ चेंडूंत नाबाद १२७.

आता आमचं परीक्षण, अगदी हिशेबानं. १२७ धावांत चौकार १४, षटकार एकही नाही. चौकारांचे झाले ५६. उरलेल्या ७१ धावा तिनं पळून काढल्या. शिवाय जोडीदारणींच्या धावांसाठीही तेवढंच पळावं लागतं, ते तिच्या नावावर लागत नाही. हे सगळं आधी पन्नास षटकं क्षेत्ररक्षण करून, ऑक्टोबरच्या घामट हवेत. शंभर झाल्या तेव्हा तिनं जल्लोष केला नाही. आमच्यातल्या एकीला वाटलं, तिला कळलंच नाही की काय. पण तिचं लक्ष आपल्या शंभरावर नव्हतं, ३३९ वर होतं.

नुसतं कौतुक केलं तर ते परीक्षण कसलं? तिच्या खेळात चुका होत्या. ८२ वर असताना तिचा उंच उडालेला झेल ऑस्ट्रेलियाची कर्णधार आणि यष्टिरक्षक अ‍ॅलिसा हीली हिच्या हातून सुटला. १०६ वर असताना आणखी एक झेल सुटला. दोन्ही वेळा चेंडू हवेत उडाला तो दमल्यामुळे, असं आमच्या जाणकार ताईंचं मत. पाय हलत नव्हते, नुसता हात जात होता. परतताना लोकलमध्ये यावर वाद झाला. एकीचं म्हणणं, "नशीब होतं म्हणून जिंकली. तो झेल घेतला असता तर?" दुसरी म्हणाली, "नशीब दोनदा दार वाजवतं, पण दार उघडायला घरात कुणीतरी असावं लागतं ना? ती तोवर टिकून होती म्हणून नशीब तिला सापडलं." सचिवताईंनी दोन्ही मतं शेऱ्यात लिहिली. आम्हाला दोन्ही खरी वाटतात. आणखी एक लिहिलं : हा विजय तिचा एकटीचा नाही. दीप्ती, रिचा, अमनजोत आल्या आल्या वेगानं खेळल्या, म्हणून दमलेल्या जेमिमाला नुसतं टोक सांभाळून चाललं.

सामना संपल्यावर ती रडत होती. रडत रडतच बोलली. या दौऱ्यात आपण जवळजवळ रोज रडलो, मनावर फार ताण होता, असं तिनं हजारो लोकांसमोर सांगितलं. आईजवळ फोनवर रडायची, हेही सांगितलं. सरावाच्या वेळी स्मृती फारसं न बोलता नुसती जवळ उभी राहायची, त्याचाही आधार वाटला, म्हणाली. मैत्रिणींनो, हे ऐकून आम्ही पाचही जणी गप्प झालो. झोप न लागणं, छातीत धडधडणं, कारण नसताना डोळे भरणं हे आपल्यातल्या कितीतरी जणींना होतं, आणि आपण 'पित्त झालंय' म्हणून सांगतो. देशासाठी खेळणारी पंचवीस वर्षांची मुलगी हे उघड सांगते, तर आपण निदान एकमेकींना सांगायला हरकत नाही. आणि जिला सांगितलं तिनं लगेच उपदेश करायलाच हवा असंही नाही. जवळ बसणंसुद्धा पुरतं कधी कधी. त्रास फार दिवस टिकला तर मात्र आशाताईंना विचारून डॉक्टरांकडे जावं.

२ नोव्हेंबरचा अंतिम सामना आम्ही गावातच, एका ताईंच्या पडवीत टीव्ही लावून बघितला. आपण दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवलं आणि महिलांचा विश्वचषक पहिल्यांदा भारतात आला. त्या दिवशी नाव झालं शफाली वर्माचं, ८७ धावा आणि दोन बळी, आणि दीप्ती शर्माचं, ५८ धावा आणि पाच बळी. ही शफाली मुळात संघात नव्हतीच. प्रतीका जखमी झाली म्हणून तिला बोलावलं होतं. आमच्या जेमिमाच्या २४ धावा झाल्या. वहीत तेही लिहिलं.

आता सगळ्याची बेरीज. पहिल्या चार डावांत ६५, शेवटच्या तीन डावांत २२७. एकूण २९२. ज्यानं फक्त पहिलं पान बघितलं तो म्हणेल, हिला कशाला घेता. ज्यानं फक्त ३० ऑक्टोबरचं पान बघितलं तो म्हणेल, ही देवी आहे. दोघांनीही वही पूर्ण बघितलेली नाही. आम्ही तिचे तीन सामने मैदानावर बघितले आणि आमचं मत असं : ती मोठे फटके मारणारी नाही, टिकणारी आणि पळणारी आहे. तिला एका डावावर तोलू नये. वाईट दिवसांनंतर तिला पुन्हा उभं केलं, यात संघाचाही शहाणपणा आहे. संघाचे प्रशिक्षक अमोल मुजुमदार. मुंबईकडून वर्षानुवर्षं धावांचे ढीग रचूनही त्यांना भारताकडून खेळायची संधी कधी मिळाली नाही. बाहेर बसणं काय असतं, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

आता हप्त्याची गोष्ट.

नोव्हेंबरच्या बैठकीत गटापुढे एका सभासद ताईंचा अर्ज होता. मसाला कांडपाच्या यंत्राची मोटर जळली, दुरुस्तीला पंधरा हजार हवेत. पावसाळ्यात त्यांचे लागोपाठ तीन हप्ते थकले होते. आमच्यात दोन मतं पडली. काही जणी म्हणाल्या, नियम म्हणजे नियम, पैसा सगळ्यांच्या घामाचा आहे. आणि ते बरोबरच आहे. बचत, कर्ज, परतफेड नियमित झाली नाही तर गट बुडतो. पंचसूत्री आपण उगाच पाठ करत नाही.

तेव्हा सचिवताईंनी कर्जाची नोंदवही काढली आणि पहिल्या पानापासून वाचली. त्या ताईंचे बावीस हप्ते. एकोणीस वेळेवर. तीन थकलेले, ज्या महिन्यांत घरधनी दवाखान्यात होते. ते तिन्ही पुढच्या दोन महिन्यांत दंडासकट भरलेले. बैठकीला गैरहजेरी एकदाच. दोन सणांना गटाची मोठी मसाल्याची ऑर्डर रात्री जागून त्यांनीच पुरी केलेली. हे शेवटचं कुठल्याच रकान्यात नव्हतं. सगळ्यांना माहीत होतं, पण लिहिलेलं नव्हतं.

दीड तास चर्चा झाली. ठरलं ते असं : दहा हजार द्यायचे, पंधरा नाही. पैसे मोटर दुरुस्त करणाऱ्याला थेट द्यायचे. हप्ता लहान, मुदत थोडी जास्त. दोघींचा विरोध इतिवृत्तात नावानिशी नोंदवला, कारण विरोध करणं हाही सभासदाचा हक्क आहे. त्यानंतरचे दोन हप्ते आले आहेत. पुढचे येतील तसे लिहू. एखादा चुकला तर तोही लिहू.

तुमच्यासाठी तीन गोष्टी सुचवतो. एक, कर्जाच्या नोंदवहीतला शेऱ्याचा रकाना कोरा ठेवू नका. 'थकीत' एवढंच लिहून थांबू नका. का थकलं आणि कसं भरलं, तेही लिहा. दोन, तालुक्याला मुलींचे कबड्डी, खो-खो, क्रिकेटचे सामने होतात. प्रेक्षकांत बायका दिसतच नाहीत. चार जणी मिळून जा. आपल्या पोरींना कळू द्या की बघायला कुणीतरी आलंय. तीन, कुठल्याही खेळाडू मुलीबद्दल, सुनेबद्दल, शेजारणीबद्दल मत बनवायचं असेल, तर किमान तीन सामने बघा.

आणि हो, त्या सासूबाई आता विचारतायत, पुढचा सामना कधी आहे. त्यांच्या शेजारी बसायचं असेल तर वही-पेन बरोबर आणा. पुढच्या वेळी भेटू, तेव्हा विषय असेल उन्हाळी वाळवणाचा हिशेब. नमस्कार.